पुंगळीचं पितळ

इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानच्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसं आपोआप तडकत. बंदूक झाडलेली नाही, पेटी कुठे आपटलेली नाही, माल आला तसा ठेवलेला. आणि भाद्रपदात पेटी उघडावी तर कित्येक काडतुसांच्या मानेवर, जिथे पितळेनं गोळी आवळून धरलेली असते नेमकी तिथे, उभी चीर गेलेली. हे पावसाळ्यातच घडे, म्हणून इंग्रजांनी या रोगाला ऋतूचंच नाव दिलं, ‘सीझन क्रॅकिंग’. दमट हवेवर खापर फोडणं सोपं होतं, पण दमट हवा जगात पुष्कळ ठिकाणी असते. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी मांडलं. पावसात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून ती तबेल्यांत ठेवत, आणि तबेल्याच्या हवेत घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया भरलेला असे. पितळ थंड असताना दाबून, ओढून घडवलं की त्याच्या पोटात ताण कोंडून राहतो. अमोनिया त्याच ताणलेल्या जागा पोखरतो. नुसता ताण असता तर पितळ वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं. नुसता अमोनिया असता तर ते डागाळण्यावर भागलं असतं. दोन्ही एकत्र आले की चीर ठरलेली.

उपाय फारच साधा निघाला. मान घडवून झाली की तिला हलका ताव द्यायचा. कोंडलेला ताण निघून जातो. आजही लष्करी काडतुसाच्या मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तावाची. कारखान्यात ती मुद्दाम घासून काढत नाहीत, कारण ताव दिला गेला आहे याची तीच खूण असते.

आपल्याकडे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, भेटते ती गुन्ह्याच्या बातमीत. घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या, त्या तपासणीसाठी कलिनाच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, एवढ्यात तिचं चरित्र संपतं. लष्करात आणि पोलिसांत सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. एनसीसीच्या शिबिरात ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल झाडली असेल, त्यांना गवतात ओणवं होऊन हरवलेली एक पुंगळी शोधणं आठवत असेल. हिशेबाची वस्तू, पुराव्याची वस्तू, भंगाराची वस्तू. मला मात्र रायफलीच्या सगळ्या भागांत ही पुंगळीच सगळ्यांत विलक्षण वाटत आली आहे. बाकी सगळं यंत्र पोलादाचं, जाड, टणक. त्यातला सगळ्यांत अवघड क्षण मात्र या पातळ पितळेच्या भिंतीवर येतो, आणि ती भिंत तो निभावते ते एका ठिकाणी कडक आणि दुसऱ्या ठिकाणी नरम राहून. हा तोल सांभाळण्याची एक अख्खी विद्या आहे. ती सगळ्यांत जास्त फुलली अमेरिकेत, घरामागच्या गॅरेजांमध्ये; पण तिचं मूळ जे धातूचं ज्ञान, ते आपल्या शेजारीच आहे.

पुण्याच्या तांबट आळीत ते ज्ञान कानांनी ऐकता येतं. भांड्यावर मठारकाम चालू असतं तेव्हा ठोक्यांचा आवाज हळूहळू बदलत जातो. सुरुवातीला बसका असतो, मग खणखणीत होत जातो. प्रत्येक ठोक्यानं धातूतले कण एकमेकांत अडकतात आणि भांडं कडक होत जातं. एका कारागिराला मी विचारलं, “काका, अजून दहा-वीस ठोके दिले तर?” ते म्हणाले, “द्या की. चीर जाईल. आता ते ऐकायचं नाही, आता त्याला भट्टी पाहिजे.” भांडं भट्टीत लाल झालं, पाण्यात बुडवलं, बाहेर आलं ते पुन्हा मऊ. किती वेळ तापवायचं, या माझ्या प्रश्नाला उत्तर होतं, “वेळ नाही, रंग बघायचा.”

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा विळा कडक होतो, कारण ते पोलाद असतं. तांबं आणि पितळ लाल करून पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं. पितळेला कडक करण्याचा एकच मार्ग आहे, थंड असताना ठोकणं, दाबणं किंवा ओढणं. आणि नरम करण्याचाही एकच, ताव. पुंगळीचं सगळं आयुष्य या दोन क्रियांच्या मध्ये जातं.

तांबट आळीपासून काही मैलांवर खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरी आहे, १८६९ सालची. सरकारी दारूगोळा कारखान्यांची फेररचना होऊन २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ही कंपनी झाली, तिचं मुख्यालयही पुण्यातच. फॅक्टरीत नोकरीला असलेला एखादा काका किंवा मामा पुण्यात पुष्कळांना असतो. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकातला. तिथेही रायफलीची काडतुसं होतात. अशा कारखान्यांत पुंगळी कशी जन्मते ते पाहिलं की तांबटाची भट्टी आणि हातोडा पुन्हा भेटतात, फक्त यंत्राच्या रूपात. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पट्टीतून चकती कापतात. चकतीची वाटी होते. वाटी ठोकळ्यातून ओढून लांबवतात. ओढली की ती कडक होते, म्हणून ताव, आम्लाची धुलाई आणि पुन्हा ओढणं; असं अनेकदा. शेवटी बुडाला जबर दाब देऊन प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचा, खळगा आणि कारखान्याची अक्षरं उठवतात, आणि याच दाबानं बूड अतिशय कडक होतं. त्यानंतर खांदा आणि मान आवळतात आणि फक्त तिथे ताव देतात. बुडाला तो लागता कामा नये.

जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात या क्रमाला एक चमत्कारिक वळण होतं. त्यात कॉर्डाइट नावाच्या स्फोटक द्रव्याच्या शेवयांइतक्या बारीक तारांची जुडी असे, आणि ती अरुंद मानेतून आत जात नसे. म्हणून आधी सरळ नळकांड्यात जुडी भरायची आणि नंतर, आत स्फोटक असताना, मान आवळायची. हे काम हजारोंच्या संख्येनं करणाऱ्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो. काडतुसाच्या कारखान्यातला धोका हा काही कल्पनेतला नाही. फिनलंडमधल्या लापुआ गावच्या काडतूस कारखान्यात १३ एप्रिल १९७६ रोजी स्फोट झाला आणि ४० माणसं गेली. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. आज जगभरचे नेमबाज पितळेच्या दर्जासाठी ज्या गावाचं नाव घेतात तेच हे लापुआ.

आता बाराच्या क्षणाकडे येऊ. काडतूस ज्या पोलादी पोकळीत बसतं तिला चेंबर म्हणतात. काडतूस सहज आत जावं म्हणून चेंबर थोडं मोठं आणि पुंगळी थोडी लहान ठेवतात. चाप ओढला, प्रायमर पेटला, दारू जळू लागली, की हजारांश सेकंदात आतला दाब चढतो. अमेरिकेत १९०६ साली स्वीकारलेलं .३०-०६ हे काडतूस घेतलं तर त्याची आजची कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा असते. म्हणजे टायरच्या दोन हजारपट दाब, आणि तोही नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर. त्या दाबानं पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला सर्व बाजूंनी चिकटते आणि गॅसला मागे येण्याची वाट बंद करते. गोळी नळीतून निघून गेली, दाब उतरला, की पितळ किंचित आकसतं, भिंत सोडतं आणि बोल्ट मागे घेतल्याबरोबर पुंगळी सुटून बाहेर येते. मान नरम, म्हणून ती पटकन फुगून वाट अडवते. बूड कडक, म्हणून ते दाबानं पसरत नाही आणि उसळी मारून परत आकसतं. सगळी पुंगळी नरम असती तर ती चेंबरमध्ये अडकून बसली असती, आणि बूड नरम असतं तर प्राणाशी गाठ होती.

हे साधायला बराच काळ जावा लागला. ब्रिटिशांचं १८६० च्या दशकातलं बॉक्सर काडतूस पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून, तिला लोखंडी बूड लावून बनवत. त्याच जातीची गुंडाळीची काडतुसं मार्टिनी-हेन्री रायफलीत आली. १८८५ च्या सुदान मोहिमेत, वाळूनं भरलेल्या आणि सतत झाडून तापलेल्या रायफलींत ती अडकून बसली. बूड निघून हातात येई आणि गुंडाळी आतच राही. ऐन लढाईत अडकलेल्या रायफलीचा अर्थ सैनिकांना पुरेपूर कळला. तिथून एकसंध ओढलेल्या पुंगळीची सक्ती झाली. बॉक्सर काडतूस ज्यांच्या नावाचं, त्याच कर्नल बॉक्सरच्या नावाचा प्रायमर पुढे अमेरिकेत रुळला आणि अमेरिकन बर्डनच्या नावाचा युरोपात. हा अदलाबदलीचा खेळ वरवर किरकोळ वाटतो, पण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बॉक्सर पद्धतीत खळग्याच्या मधोमध एकच भोक असतं. वरून सळई घालून जळका प्रायमर ढकलून काढता येतो आणि पुंगळी पुन्हा भरता येते. बर्डन पद्धतीत भोकं दोन, बाजूला, आणि मध्ये पितळेचाच उंचवटा. ते प्रायमर काढणं कटकटीचं. खडकीची ‘के एफ’ अक्षरं असलेली थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं बर्डन पद्धतीची असल्यामुळे त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्यामागे अमेरिकेत पहिलं कारण काटकसर. काडतुसाच्या किमतीत पुंगळीचा वाटा मोठा असतो, आणि बार झाल्यावर फक्त तीच उरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाजारात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टननं लाँड्रीच्या धंद्यात राहून १९४३ मध्ये एक साचा तयार केला. पॉइंट टू-टूची रिकामी पुंगळी त्यात दाबली की ती गोळीचं बाहेरचं कवच होई. त्यातून आरसीबीएस ही पुढे प्रसिद्ध झालेली कंपनी उभी राहिली. मला ही हकिगत आवडते, कारण पॉइंट टू-टूची पुंगळी एरवी अगदी निरुपयोगी असते. तिचं ज्वालाग्राही मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि बार होताना ती कड चेचली जाते, म्हणून ती पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते याच जातीच्या काडतुसांवर. आपल्या नेमबाजांना पुंगळी सांभाळण्याची विद्या फारशी ठाऊक नसण्याचं हे एक साधं कारण आहे. त्यांच्या खेळात बार झाला की पुंगळीचं काम संपलं.

काटकसरीतून सुरू झालेला हा उद्योग लवकरच अचूकतेचा ध्यास झाला, आणि त्याचं कारण पुन्हा पितळेचा स्वभाव. एकदा झाडलेली पुंगळी आकसते खरी, पण पूर्ण मूळ मापाला येत नाही. ती ज्या चेंबरमध्ये फुगली त्याच चेंबरचा साचा होऊन बाहेर येते. कारखान्याचं काडतूस कुठल्याही रायफलीत जावं म्हणून ढगळ असतं. झाडलेली पुंगळी त्या एकाच रायफलीच्या अंगाची झालेली असते. याला फायर फॉर्मिंग म्हणतात, आगीनं घडवणं.

थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतीत याचं महत्त्व सगळ्यांत स्पष्ट कळतं. हे काडतूस झाडणाऱ्या लष्करी ली-एनफील्ड रायफलींची चेंबरं मुद्दाम सैल ठेवलेली असत, चिखलमाती गेली तरी काडतूस आत जावं म्हणून. हे काडतूस बुडाच्या कडेवर अडतं. खांद्यापुढे जागा मोकळी राहते. चाप ओढल्यावर फायरिंग पिनचा धक्का काडतुसाला पुढे लोटतो. दाब चढताना पातळ पुढचा भाग आधी भिंतीला चिकटतो, आणि जाड बूड मागे सरकून बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं. नेहमीच्या साच्यात घालून पुंगळी मूळ मापाला आवळली, की पुढच्या बाराला पुन्हा तेवढीच ताणणार. असं तीन-चारदा झालं की बुडाच्या थोडं वर आतून खाच पडते आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात. थ्री-नॉट-थ्री भरणाऱ्यांनी यावर एक साधी युक्ती काढली. पहिल्या बाराच्या वेळी पुंगळीच्या कडेपुढे रबराची बारीक रिंग बसवायची. ती काडतुसाला मागे बोल्टला टेकवून धरते. मग पितळ लांबीनं ताणलं न जाता खांद्याकडून पुढे फुगतं. पुढच्या वेळेपासून फक्त मान आवळायची, अंग तसंच ठेवायचं. त्याच पुंगळीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

माझी मावसबहीण यूटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. तिच्या शेजारी एक निवृत्त डायमेकर आहेत, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये मी हे काम पहिल्यांदा सावकाश पाहिलं. भिंतीला लागून लाकडी बाक, त्यावर बोल्टनं घट्ट केलेला हातप्रेस, आणि पन्नास-पन्नासच्या डब्यांत पुंगळ्या. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: कुठली रायफल, किती वेळा झाडल्या, शेवटचा ताव कधी. एका डब्यातली पुंगळी दुसऱ्यात जात नाही. ते पुंगळ्या आधी अक्रोडाच्या कवचाच्या भुशात फिरवून स्वच्छ करतात. मग भिंगाखाली मान बघतात, बारीक चीर दिसली तर ती तिथेच बाद. त्यानंतर जे केलं ते पाहून मला विशेष वाटलं. कागदाच्या पिनेचं टोक काटकोनात वाकवून ते पुंगळीच्या आत घातलं आणि भिंतीवरून बुडापासून वर हळूच ओढलं. खाच पडू लागली असेल तर टोक तिथे अडखळतं. बाहेरून अजून काहीच दिसत नसतं. बाकावर महागडी मापकं होती, डिजिटल कॅलिपर होता. पण पितळ थकलंय का, हे ते अजूनही वाकवलेल्या पिनेला विचारत होते.

मग वंगण. किंचित लॅनोलिन बोटांनी चोळायचं. जास्त झालं तर साच्यात ते अडकून खांद्याला पोचा पडतो, कमी झालं तर पुंगळीच साच्यात अडकते. साच्यातून दाबताना खांदा किती मागे न्यायचा, यावर त्यांचा सगळा भर होता: इंचाचा एक ते दोन हजारांश, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या ते विसाव्या भागाएवढा. बोल्ट सहज बंद होण्यापुरता, त्याहून जास्त नाही. चेंबरनं दिलेला आकार पुसून टाकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे लांबी मोजून जादा पितळ कापणं, तोंडाची कड आतून-बाहेरून साफ करणं, प्रायमरचा खळगा खरवडणं, ही कामं झपाट्यानं झाली. त्यांत कौशल्यापेक्षा सातत्य लागतं.

तावाच्या वेळी त्यांनी गॅरेजचा दिवा घालवला. फिरत्या चकतीवर पुंगळी, मानेवर गॅसची बारीक ज्योत, काही सेकंद. अंधारात मानेवर पहिली मंद लाली उमटते न उमटते तोच पुंगळी खाली पडते. उष्णता बुडाकडे उतरायच्या आत हे संपावं लागतं, कारण नरम झालेलं बूड पुन्हा कडक करण्याचा कुठलाही मार्ग घरी नाही; अशी पुंगळी फेकूनच द्यायची. तांबट काकांचं रंग बघणं इथेही होतंच. आता विजेच्या चुंबकीय कुंडलात पुंगळी घालून ठरलेल्या वेळी ताव देणारी यंत्रं आली आहेत, तीही वापरून पाहिली असं ते म्हणाले. पण दर बारानंतर ताव द्यावा की चार-पाच बारांनी, यावर अनुभवी माणसांचंही एकमत नाही. मानेची पकड सारखी राहिली तर गोळी सारख्या वेगानं सुटते, एवढ्यावर मात्र सगळे सहमत आहेत, आणि दर आवळण्या-फुगण्यानं मान कडक होत जाते हे तर धातूचं गणितच आहे.

त्यांची रायफल होती .२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड. सॉल्ट लेक सिटीत हे काडतूस पाहायला मिळणं साहजिक होतं, कारण पार्कर ओटो ॲक्ली (१९०३–१९८९) यांचं उत्तरायुष्य याच शहरात गेलं. त्याआधी कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी ते बंदूककाम शिकवत. बाजारात मिळणारं काडतूस घ्यायचं, चेंबर थोडं वेगळं कोरायचं, म्हणजे अंगाचा निमुळतेपणा जवळजवळ काढून टाकायचा आणि खांदा चाळीस अंशांपर्यंत उभा करायचा, आणि साधं काडतूस त्या चेंबरमध्ये झाडून नवी पुंगळी घडवायची, ही त्यांची पद्धत. आत दारूला जास्त जागा मिळते. अशी बदललेली काडतुसं त्यांच्या आधीही होती, लाइल किलबर्ननं .२२ हॉर्नेटपासून के-हॉर्नेट १९४० मध्ये केलं होतं. ॲक्लींचं मोठेपण तपशिलात आहे. ते चेंबर लांबीला मूळ मापापेक्षा इंचाचे चार हजारांश आखूड ठेवत. साधं काडतूस आत गेलं की मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे किंचित दाबलं जाई आणि बोल्टला टेकून राही. थ्री-नॉट-थ्रीवाल्यांची रबरी रिंग जे काम करते तेच इथे चेंबरच्या मापानं साधलं होतं. शिवाय त्याच रायफलीत कारखान्याचं साधं काडतूसही सुरक्षितपणे झाडता येई. त्यांनी १९६२ मध्ये आपल्या प्रयोगांचा ग्रंथ छापला. त्यात एक प्रयोग असा, की विंचेस्टर रायफलीचं कुलूप काढून ठेवून त्यांनी बार केला, आणि सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला इतकी घट्ट चिकटली की बोल्टवर फार कमी जोर आला. या प्रयोगाचा आधार घेऊन रायफलीचा दाब वाढवणारे लोक पुढे निघाले, त्यांचं मात्र मला मुळीच पटत नाही. पितळ चिकटतं ही त्याची कृपा आहे, त्यावर पोलादाचं काम सोपवायचं नसतं. चेंबरमध्ये तेलाचा अंश असला तर तीच पुंगळी चिकटणार नाही.

ॲक्ली वारल्यावर जवळजवळ दोन दशकांनी, २००७ मध्ये, नोझलर कंपनीनं .२८० ॲक्लीला कारखान्याच्या प्रमाणित काडतुसाचा दर्जा मिळवून दिला. त्यामुळे तयार पुंगळ्या आता विकत मिळतात. माझ्या बहिणीचे शेजारी तरीही साध्या .२८० च्या पुंगळ्या झाडूनच घडवतात. त्यांचं म्हणणं, विकतची पुंगळी सगळ्या रायफलींची असते.

याहून टोकाचा ध्यास बेंचरेस्ट नेमबाजीत दिसतो. दगडी बाकावर वाळूच्या पिशव्यांत रायफल ठेवायची आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या जितक्या जवळ मारता येतील तितक्या मारायच्या. पाचही गोळ्यांचं मिळून जवळजवळ एकच भोक पडतं. १९७५ मध्ये डॉक्टर लू पाल्मिसानो आणि टूलमेकर फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन या छोट्या काडतुसापासून पीपीसी नावाची जात घडवली आणि तिनं हा खेळच ताब्यात घेतला. सहा मिलिमीटरच्या पीपीसीसाठी नेमबाज लापुआच्या .२२० रशियनच्या पुंगळ्या घेतो, मान सळईनं रुंद करतो आणि मग मानेची भिंत बाहेरून कापून सगळीकडे सारखी करतो. सर्वसाधारण माप आहे इंचाचे साडेआठ हजारांश, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षा थोडं जास्त. चेंबरच्या मानेत एकूण दोन हजारांशाची फट ठेवतात. मग पुंगळी झाडून घडवायची. यात एक मौज अशी, की अंग आणि खांदा बाहेर फुगल्यामुळे पुंगळी लांबीला थोडी आखूड होते, म्हणून कापण्याचं माप आधीच हिशेबात धरावं लागतं. घडल्यानंतर पंधरा-वीस पुंगळ्यांवर नेमबाज अख्खा हंगाम काढतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मैदानावरच भरतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात काही बेंचरेस्ट नेमबाजांनी एका मोठ्या बंदिस्त गोदामात रात्री प्रयोग केले. आत वारा नाही, ऊन नाही, मृगजळ नाही. एरवी ज्याच्यावर दोष ढकलता येतो ते सगळं काढून घेतल्यावर उरली रायफल, दारू, गोळी आणि पुंगळीची तयारी.

पुंगळी गोळीशिवायही घडवता येते. थोडी जलद जळणारी दारू, तिच्यावर ‘क्रीम ऑफ व्हीट’ नावाचा तिथला नाश्त्याचा रवा, तोंडाला मेणाचं बूच. बार होतो आणि रव्याचा दाब खांदा पुढे ढकलतो. नळीची झीज वाचते. मात्र ज्यांना पक्की, टोकदार कडांची पुंगळी हवी असते ते खऱ्या गोळीनंच झाडतात, कारण पूर्ण दाबाशिवाय खांद्याचे कोपरे भरत नाहीत. या पद्धतीत चूक झाली तर ती गंभीर असते, आणि अमेरिकेतही प्रसिद्ध झालेल्या मापांबाहेर न जाण्याचा इशारा प्रत्येक पुस्तिकेत पहिल्या पानावर असतो.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला वेगळा परवाना लागत नाही. दुकानात दारू, प्रायमर, गोळ्या उघड मिळतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. त्यामुळे हे काम आपल्याकडे कारखान्यापुरतंच राहणार. खडकी-वरणगावच्या ज्या कामगारांनी हयात पितळ ओढण्यात आणि ताव देण्यात घालवली, त्यांच्याकडचं ज्ञान मात्र लिहून ठेवायला हवं. कुठल्या रंगाला भट्टीबाहेर काढायचं, वाटी ओढताना कुठला आवाज चुकीचा, आम्लाची धुलाई जास्त झाली की पितळेवर तांबूसपणा कसा येतो, हे निवृत्तांच्या बोलण्यात अजून आहे. तांबट आळीवर थोडंफार तरी लिहिलं गेलं. या कारखान्यांतल्या पितळकामाबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालेलं नाही.

यूटातल्या त्या बाकाशेजारी एक जुना पत्र्याचा डबा होता, बाद पुंगळ्यांचा. बाद ठरलेली प्रत्येक पुंगळी ते आधी पकडीनं मानेपाशी चेपतात आणि मगच डब्यात टाकतात, म्हणजे ती चुकून कुणी उचलून भरणार नाही. डबा भरला की भंगारवाल्याकडे जातो. सत्तर-तीसचं स्वच्छ पितळ असल्यामुळे त्याला भाव चांगला येतो, आणि ते वितळून पुन्हा पट्टी होतं.